सगळ्यांना एकच प्रोग्रॅम

आनंदराव माझ्याकडे यायचे ते हुकूम सोडायलाच. भोरच्या एसटी स्टँडमागं माझी एक खोली, तिथं एक कॉम्प्युटर आणि त्यावर मी लिहिलेला दूध संकलनाचा प्रोग्रॅम. भाटघरपासून वेल्ह्यापर्यंतच्या दूध संस्था तोच वापरायच्या. कुणाला गाय-म्हैस वेगळी हवी, कुणाला दिवाळीचा बोनस, कुणाला यात्रेची वर्गणी. ज्या गावाला जे हवं ते चालू करायचं, नको ते बंद. मूळ मात्र एकच. दूध संघ दरपत्रक कधी बदलेल याचा नेम नसायचा. मूळ एकच असलं की बदल एकदाच करायचा आणि फ्लॉपी एसटीनं धाडायची.

सारोळ्याजवळच्या एका वाडीतली संस्था माझी सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. आनंदराव तिचे चेअरमन.

"फौजियाताई, आमचा प्रोग्रॅम येगळा करा," ते म्हणाले. "औंदापासनं यात्रेची वर्गणी दुधातनं कापायचीय, पर ती चिठ्ठीवर दिसाय नको. दुधाच्या भावातच मुरवून टाका."

"का?"

"बाया उगी कटकट करत्याल. आन् आमी काय भाटघरवाल्यांच्या पंगतीत बसायचं व्हय?"

मी सरळ 'नाही' म्हणून सांगितलं. वर्गणी भावात मुरवली की त्यांचा प्रोग्रॅम कायमचा वेगळा झाला. दर बदलला की तो वेगळा दुरुस्त करायचा, राहून गेला तर गावाचं दूध चुकीच्या भावानं जाणार. आज त्यांना दिला की उद्या कापूरहोळवाले मागणार, परवा भाटघरवाले. सांभाळणार कोण? आणि बाईच्या दुधातून तिच्या नकळत काही कापायचं काम माझ्या हातून होणार नव्हतं.

"पुण्यात असं करून देणारे लई हायत," ते उठले. "बाकीच्यांनाबी सांगतो. बघू तुमचं दुकान कसं चालतंय."

माझा भाऊ शाकिर फ्लॉप्या पोचवायचा. तो हादरलाच. "आपा, दे की करून. ते गेलं तर पाठोपाठ समदी जातील. खोलीला कुलूप लागंल."

"लागू दे," मी म्हणाले. राग डोक्यात गेला होता. भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोलू?

आनंदरावांनी पुण्याहून वेगळा प्रोग्रॅम करून घेतला आणि इतर संस्थाही कुरकुरायला लागल्या. तेवढ्यात संघानं नुसत्या फॅटवरचा भाव बंद केला. आता दूध किती दाट आहे, ती डिग्रीही धरायची. मी मूळ बदललं, शाकिर फ्लॉप्या घेऊन एसटीत चढला. भाटघरला संध्याकाळच्या दुधाला नव्या भावाच्या चिठ्ठ्या निघाल्या. कुरकुर थांबली.

आनंदरावांच्या नव्या प्रोग्रॅममध्ये वर्गणी जुन्या दरपत्रकात पार मिसळून गेली होती. पुण्याचा माणूस 'येतो, येतो' म्हणत आलाच नाही. शेजारच्या वाडीला नवा भाव आणि इथं जुना, तोही कापलेला. वाडीतल्या धोंडाबाईंनी भरलेली किटली डेअरीच्या दारात ठेवली आणि दूध घालणार नाही म्हणून सांगितलं. मागच्या बायांनीही आपापल्या किटल्या ठेवल्या.

आनंदरावांनी मला आणायला जीप पाठवली. मी एसटीनं गेले. "वर्गणी चिठ्ठीवर छापून येणार," मी दारातच सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरपुढची खुर्ची मला ओढून दिली.

पहिली चिठ्ठी धोंडाबाईंनी माझ्याकडूनच वाचून घेतली.

"म्हंजी यात्रा आमच्या दुधावर?" त्या म्हणाल्या. "आन् दरसाली भोंग्यावर नाव एकट्या आनंदरावांचं? औंदा आमचं पुकारा. समद्यांचं."

वर्गणी कशाला लपवायची होती, ते मला तेव्हा कळलं.

यात्रेआधी भोंग्यावर पुकारायला सगळ्यांची नावं छापून हवी होती, म्हणून आनंदराव पुन्हा खोलीवर आले. या वेळी आवाज मऊ होता. "ताई, माजं नाव तेवढं येगळं काढा. वर घ्या."

"नावं खात्याच्या नंबरानं निघतात. भाटघरला तशीच, कापूरहोळला तशीच. तुमच्याकडंही तशीच निघतील."

यात्रेला मी मुद्दाम गेले. भोंग्यावर धोंडाबाईंचं नाव आलं, मग चिमाजींचं, मग गेनबांचं. आनंदराव मांडवात पहिल्या खुर्चीवर बसून आपला नंबर यायची वाट बघत होते.