मोहाखालची अळंबी

ललिता विधाते नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. मखमलाबादच्या फुलमळ्यात वाढलेली, त्यामुळे चिखल आणि पाऊस यांची तिला कधी अडचण वाटली नाही. पीएच.डी.साठी तिने अळंब्यांचा विषय घेतला तेव्हा आई म्हणाली होती, "लग्नाच्या वयात कुत्र्याच्या छत्र्या वेचत फिरणार का?" ललिता फिरली. सुरगाण्याच्या डोंगरांत पावसाळेच्या पावसाळे घालवून तिने कितीतरी प्रकार गोळा केले. त्यांतला एक मात्र कुठल्याच पुस्तकात बसेना.

तो तिला १९९७च्या भाद्रपदात सादडपाड्याजवळ सापडला होता. टोपी रुपयाएवढी, ओल्या पाटीच्या रंगाची, कडेला थोडी फाटलेली. वरून काही विशेष नाही. पण ती उपटायला गेली तर दांडा संपेना. जमिनीखाली तो मुळासारखा निमुळता होत खोल गेला होता. तिने हाताने माती उकरली, कोपरापर्यंत हात आत गेला, आणि मग दांडा तुटला.

तिचे मार्गदर्शक खैरनार सर. त्यांनी बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आठवडाभर जुने ग्रंथ चाळले आणि तिला बोलावून घेतलं.

"ही नवी जात असावी," ते म्हणाले. "पण एका तुटक्या नमुन्यावर कोणी वर्णन छापणार नाही. कोवळे, जून, सगळे नमुने हवेत. रंग आणि वास जागेवरच टिपायचा, वाळल्यावर दोन्ही जातात. आणि ते मूळ अख्खं काढ. ते कशाला जाऊन टेकतं ते कळलं नाही, तर आपल्याला काहीच कळलं नाही असं समज."

म्हणून पुढच्या भाद्रपदात ललिता रजा काढून सादडपाड्याला राहायला गेली. भागीबाई भोये नावाच्या बाईकडे तिची सोय झाली. भागीबाई पंचेचाळिशीची असेल. थोडं भाताचं, थोडं नागलीचं शेत, दोन शेळ्या, आणि घरात ती एकटी. तिचा नवरा पुंजाराम बारा वर्षांपूर्वी दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला गेला तो परत आला नव्हता. कोणी म्हणे त्याने तिकडे दुसरा संसार मांडला, कोणी म्हणे गुजरातेत गेला. भागीबाई अजून ठसठशीत कुंकू लावायची, हातात हिरव्या बांगड्या भरायची. भाताला आधण ठेवलं की एक मूठ तांदूळ जास्त टाकायची.

"आला तर उपाशी का राहील," ती म्हणाली. नवरा आठवड्याच्या बाजाराला गेलाय, अशा सुरात.

अंगणापलीकडे तिच्या दिराचं घर होतं. दोन घरांच्या मध्ये मोहाचं एक मोठं झाड. दीर देवराम शांत, कामसू माणूस. भागीबाईचं शेत तोच नांगरून द्यायचा, तिच्या कुडाच्या भिंती तोच दुरुस्त करायचा. पाड्यावर सगळे म्हणत, दीर असावा तर असा.

ललिताने पहिल्याच दिवशी दोघांना गेल्या वर्षीची वाळलेली अळंबी दाखवली. पाड्यावरच्या बायकांकडे रानातल्या प्रत्येक अळंबीला नाव होतं. वारुळावरची वेगळी, कुजक्या लाकडावरची वेगळी. भागीबाईने ही हातात घेऊन उलटीपालटी केली.

"याला नाव नाय," ती म्हणाली.

"विषारी हाय," देवराम म्हणाला. "आमची शेळी मेली होती खाऊन. लोक हात लावत नाय, मग नाव कोण ठेवणार?" मग म्हणाला, "बाई, तुम्हाला खणायचंच असंल तर मी येतो. एकट्या नका जाऊ रानात."

रानाच्या कडेला पहिली जागा सापडली. देवराम कुदळीने बाजूची माती मोकळी करत गेला आणि ललिता बोटांनी, ब्रशने मूळ उघडं करत गेली. हातभर खाली ते पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्यात संपलं. जाळं एका हाडाला चिकटलं होतं. कवटी निघाली तेव्हा देवरामने ओळखलं. "हे आमचं वासरू. दहा-बारा सालांमागं गुरांत रोग आला होता. इथंच पुरलं."

दुसरी जागा ओढ्याजवळ होती. तिथे कुत्र्याची हाडं निघाली. तिसरीकडे घुशीचं बीळ आणि त्यात साठलेली घाण.

तिन्ही ठिकाणी मूळ बाहेर काढताना तुटलं, तरी ललिताला आनंद लपवता येईना. अशा सवयीच्या बुरशा जगात थोड्या आहेत, हे तिने वाचलं होतं. त्या सडलेल्या देहातल्या नत्राच्या खारावर जगतात. देह विरून गेला तरी माती ते खार वर्षानुवर्षं धरून ठेवते. तिने ताजी टोपी चिरून नाकाशी धरली. आधी काहीच आलं नाही. मग सावकाश एक उबट वास आला, रात्रभर कोणी अंगावर घेतलेल्या ओल्या घोंगडीसारखा. तिने तसंच टिपून घेतलं.

त्या संध्याकाळी भागीबाई नागलीची भाकरी थापत होती. ललिता चुलीपाशी बसून मोठ्या उत्साहाने तिला सांगत होती.

"मावशी, ही कुठंही येत नाही. जिथं काही पुरलंय तिथंच येते. मूळ खाली पोचवते आणि वर टोपी काढते."

भागीबाईचे हात थांबले. "माणूस पुरला असंल तर?"

"मातीला माणूस काय, वासरू काय, सारखंच."

"किती वर्षं येते?"

"नक्की माहीत नाही अजून. पण ते वासरू देवरामभाऊ म्हणाले दहा-बारा वर्षांपूर्वीचं."

तव्यावरची भाकरी करपली, वास सुटला, तरी भागीबाई तशीच बसून होती. शेवटी ललितानेच भाकरी उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ललिता लवकर उठून ओटीवर आली. धुकं होतं. मोहाखाली देवराम ओणवा होऊन फावड्याने जमीन तासत होता. तासलेलं सगळं टोपलीत भरून तो ओढ्याकडे निघाला. ती खाली उतरून त्याला आडवी गेली. टोपलीत मातीबरोबर पाटीच्या रंगाच्या टोप्या होत्या, कितीतरी.

"अहो, हीच तर मी शोधतेय. दारातच होती आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"ही ती नाय." देवरामने टोपली दुसऱ्या खांद्यावर घेतली. "शेळ्या खातात. दरसाल काढून टाकतो."

"मग मोहाखाली खणूया ना."

"तिथं कुदळ नाय मारायची. मोह देवाचा हाय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण तो ओढ्याकडे गेला तो फार वेळ परतला नाही. ती मोहाखाली वाकून पाहत राहिली. ओल्या काळ्या मातीत तासलेल्या दांड्यांचे पांढरे ठिपके होते. एखादा बैल असेल पुरलेला, असं तिला वाटलं. मागे वळली तर भागीबाई दारात उभी होती. ती ललिताकडे पाहत नव्हती. त्या ठिपक्यांकडे पाहत होती.

दोन दिवसांनी देवराम सुरगाण्याच्या बाजाराला गेला आणि पावसाने झड धरली. ओढा भरून वाहू लागला. पलीकडचे लोक पलीकडे अडकले. झडीत रानात जाणं शक्य नव्हतं, म्हणून ललिता ओटीवर बसून नमुन्यांना चिठ्ठ्या बांधत होती. आणि तिच्या डोळ्यांसमोर मोहाखाली अळंब्या उगवू लागल्या.

पहिल्या सकाळी मोहाच्या बुंध्याकडे एक झुपका आला, गोल, दाट. दुपारी त्याच्या खाली दोन्हीकडे फुटवे दिसले. दुसऱ्या सकाळी दोन रांगा झाल्या होत्या, थोड्या अंतराने समांतर, अंगणाच्या उताराकडे जाणाऱ्या. ललिताने मोजायला टेप काढली. ओटीच्या पायरीवरून खाली पाहिलं आणि ती होती तिथेच थांबली. जवळून जे झुपके आणि रांगा दिसत होत्या, ते वरून एकच दिसत होतं. कोणीतरी उताणं निजलं होतं. डोकं मोहाच्या मुळाशी. एक हात अंगालगत, दुसरा बाजूला टाकलेला.

भागीबाई केव्हा शेजारी येऊन उभी राहिली ते तिला कळलं नाही. त्या दिवशी चूल पेटली नव्हती. भागीबाई पायऱ्या उतरली, भुरभुर पावसात मोहाखाली गेली आणि पदर सावरून त्या अळंब्यांच्या शेजारी, चिखलात, कुशीवर निजली. एकही टोपी तिने मोडू दिली नाही.

"मावशी, उठा. भिजाल," ललिता म्हणाली.

"माझं डोकं त्याच्या खांद्याला लागायचं," भागीबाई म्हणाली. "हे बघ. लागतंय."

ती किती वेळ तशी होती कोण जाणे. पाऊस ओसरला, ओढ्याला उतार पडला आणि देवराम अंगणात आला. बाजाराची पिशवी डोक्यावर, कपडे चिंब. त्याने मोहाखाली पाहिलं. पिशवी हळूच खाली ठेवली.

"वयनी, ऊठ."

"हा कधी आला रे घरी?" निजल्या निजल्याच तिने विचारलं.

देवराम तिथेच उकिडवा बसला. ललिताला वाटलं हा आता पळेल, किंवा फावडं उचलेल. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मातीकडे पाहत बोलायला लागला. भागीबाई माहेरी गेली होती तेव्हा पुंजाराम एका रात्री अचानक परतला, कोणी पाहिलं नाही. कामाला जाण्याआधी दोघांचं नांगराच्या बैलावरून भांडण झालं होतं, ते सगळ्या पाड्याने ऐकलं होतं. उजाडता उजाडता मोहाची सुकलेली फांदी तोडायला दोघं मिळून गेले. फांदी पुंजारामच्या डोक्यात पडली. "लोक म्हणतील भांडणात मारला. भ्यालो मी. पुरला आन् तो आला होता हे कोणाला बोललोच नाय."

भागीबाई उठून बसली. अर्ध्या अंगाला चिखल होता, केसांत पानं अडकली होती.

"फांदी पडली असंल," ती म्हणाली. "नायतर तू मारला असशील. ते मोहाला माहीत. पण मेला तर मेला, तेव्हाच रडून घेतलं असतं मी. तू मला वाट बघायला लावली."

तिने एक दगड उचलला, हात जमिनीवर ठेवला आणि बांगड्या फोडल्या.

पोलीस पाटलाने सुरगाण्याला कळवलं. दुसऱ्या दिवशी पोलीस आले, पंच आले, खणलं. हवालदाराच्या फावड्यावर मातीचं ढेकूळ आलं. त्यात एका अळंबीचं मूळ टोपीपासून टोकापर्यंत अखंड होतं आणि टोकाचे धागे बरगडीच्या तुकड्याला धरून होते. ललिताला स्वतःची लाज वाटली. तरी तिने मूळ सोडवून घेऊ का, असं विचारलं. हवालदार म्हणाला, न्या, आम्हाला त्याचं काय करायचंय.

हाडांवरून डॉक्टरांना काही ठामपणे सांगता आलं नाही. देवराम काही महिने आत राहिला आणि पुराव्याअभावी सुटला. तो पाड्यावर परतला नाही. सातपूरला कुठल्याशा वर्कशॉपात काम करतो, असं नंतर कळलं. भागीबाईने नवऱ्याचे दिवस केले. तांदळाची जास्तीची मूठ बंद झाली.

२००१ मध्ये ललिताचा लेख छापून आला. मोहाखालचाच नमुना मुख्य ठरला, कारण मूळ अखंड असलेला तो एकच होता. जातीला तिने सादडपाड्याचं नाव दिलं. अधिवासाच्या ओळीत तिने लिहिलं, 'पुरलेल्या प्राण्यांच्या अवशेषांवर.' खैरनार सरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि पुढे काही बदललं नाही.

मग एका वर्तमानपत्राने बातमी केली. 'पुरलेलं दाखवणारी अळंबी'. बातमीबरोबर चित्रही होतं. पुढच्या भाद्रपदात ललिता पाड्यावर गेली तेव्हा तिला जो तो वेगळा दिसला. लोक तिच्याशी बोलताना तिच्या नजरेचा माग काढत होते. कोणाच्या परसाकडे तिने पाहिलं की तो माणूस आत जाऊन फावडं घेऊन यायचा. पलीकडच्या पाड्यावर दोन घरांत मारामारी झाली होती. एकाने दुसऱ्याच्या उकिरड्याजवळ अळंब्या बघितल्या आणि चारचौघांत विचारलं, तुझी सासू खरंच भावाकडे गेली का. तिथे खणल्यावर मेलेली शेळी निघाली. पण विचारलेलं परत घेता आलं नाही.

भागीबाईने तिला चहा दिला. निघताना म्हणाली, "बाई, तू आता येऊ नको. तुझ्यावर राग नाय. पण लोक झोपत नाय."

ललिता परत गेली नाही. अळंब्यांवरचं काम तिने हळूहळू बंद केलं आणि शैवालांकडे वळली. विद्यार्थ्यांनी विचारलं तर म्हणायची, डोळ्यांना त्रास होतो.

२००४च्या सप्टेंबरात तिचा धाकटा भाऊ लखन याचा मळ्यातून फोन आला. वडील गेल्यापासून मखमलाबादचा मळा तोच पाहायचा.

"ताई, विहिरीच्या कडेला, जुन्या घराची पडकी भिंत होती ना, तिथं काहीतरी उगवलंय. करड्या छत्र्या, बारीक. उपटायला गेलो तर दांडा संपतच नाही. तुझ्या उपयोगाच्या असतील म्हटलं. ठेवू का तशाच?"

ललिता खुर्चीवर बसली. त्या जुन्या घरात कोण राहायचं, एके दिवशी कुठं निघून गेलं म्हणून सांगत, आणि मग कोणाच्या आठवणी घरात कधी निघत नसत, ते तिच्या मनात एकदम आलं आणि तिने ते पुढे येऊ दिलं नाही.

"युरिया सांडला असेल तिथं," ती म्हणाली. "युरियावरही येतात त्या."

"युरिया तर आपण त्या बाजूला टाकतच नाही."

"मग पाण्याबरोबर वाहून आला असेल. लखन, तासून टाक त्या."

"बघायला येत नाहीस?"

"नाही," ललिता म्हणाली. "आणि दरवर्षी तासत जा. उजाडल्या उजाडल्या, कोणी उठायच्या आत."