एक फेरा आधी

सकाळी नऊ ते बारा माझ्या सासूबाई आमच्या तान्ह्या लिंतांगला सांभाळतात आणि मी कादंबरी लिहिते. खोलीच्या दारावर मी बाटिकचं जुनं कापड टाकते. ते दिसलं की घराला आग लागली तरच हाक मारायची, असा नियम आहे. नियम मी केला, पाळतात सासूबाई. ते तीन तास नसते तर कादंबरी पहिल्याच प्रकरणात बसली असती, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही.

फुकट मात्र काही मिळत नाही. "पुस्तकातल्या पोरीला दात कधी आला ते हिला पाठ, घरातलीचा मी दाखवायचा," हे सासूबाईंचं आमच्या क्लातेनच्या गल्लीत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. म्हणून लिंतांगचे पाय पहिल्यांदा जमिनीला टेकवायचा विधी जवळ आला तेव्हा मी म्हटलं, दिवस मी मोजणार.

"मोज बाई," सासूबाई म्हणाल्या. "मी कॅलेंडरकडे बघणारसुद्धा नाही."

मोजायला काही मोठी अक्कल लागत नाही. आठवड्याचे वार सात, बाजाराचे पाच, लेगी, वागे वगैरे. मूल ज्या जोडीवर जन्मलं ती जोडी दर पस्तीस दिवसांनी परत येते. असे सात फेरे पुरे झाले की पाय टेकवायचे, तोवर मूल कडेवर. मी मोजलं, मंगळवार काढला, बोलावणी करून आले.

मंगळवारी अंगणात सगळं मांडलं होतं. बाळाने पाय ठेवत जायचे सात रंगांचे चिकट भाताचे जादाह, उसाची शिडी, बाळाला बसवायचा कोंबड्याचा मोठा पिंजरा, आणि काय उचलते ते बघायला पिंजऱ्यात कंगवा, पेन, बांगडी. विधी सांगायला पार्ती आजी आल्या होत्या. माझा नवरा सिगित लिंतांगला घेऊन उभा होता.

"मुलीचा दिवस?" आजींनी विचारलं.

"मंगळवार, वागे," मी ठणकावून सांगितलं.

"अगं, लेगी!" सिगित म्हणाला. "लिंतांग मंगळवार लेगीची. वागे कुठून काढलंस?"

कुठून ते मला तिथल्या तिथे कळलं. वागे माझ्या कादंबरीतल्या पोरीचा, सेकारचा. लिंतांग झाल्यापासून मी रोज सेकारचे दिवस मोजत होते. लेगी पुढच्या मंगळवारी होता आणि मी आठवडाभर आधीच गाव जमवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"पिंजऱ्यात आता कादंबरीच बसवा," शेजारचे पाक हर्तो म्हणाले, आणि सगळे पोट धरून हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी लिंतांगला झोळीत घेतलं, तिचे पाय कापडाने नीट झाकले. "पुढच्या मंगळवारी," त्या म्हणाल्या. "आता आलाच आहात तर जेवून जा."

पाहुणे गेल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या.

"वागे मुर्नीचा," त्या म्हणाल्या.

मुर्नी त्यांची पहिली मुलगी, सिगितच्या आधीची, तान्हेपणीच गेलेली. आमच्या लग्नाच्या वर्षी कांदे सोलता सोलता त्यांनी मला तिच्याबद्दल सांगितलं होतं, एकदाच. मी तेव्हा डोळे पुसले आणि पुढे कादंबरीत सगळं वापरलं. वारसुद्धा बदलला नाही. विचारलं तर नाहीच.

"पुस्तकातली पोर जगते?"

खोटं बोलता आलं असतं. मला नऊ ते बारा हे तास दिसत होते आणि उरलेली चार प्रकरणं दिसत होती.

"नाही, इबू. सहा फेरे होतात. सातवा भरायला आठ दिवस असताना ताप येतो."

"अकरा," त्या म्हणाल्या. "अकरा दिवस होते."

मला शरम वाटली. इतकी की बसायलाही सुचेना. "मी ते काढून टाकते," मी म्हटलं. ते काढलं तर कादंबरीत काहीच उरत नव्हतं, पण त्या क्षणी मी खरंच म्हटलं.

त्या उरलेले जादाह झाकत होत्या. "केस कसे दिलेस तिला?"

"कुरळे."

"सरळ होते," एवढंच बोलून त्या गेल्या.

बुधवारी नऊ वाजले. मी लिंतांगला कडेवर घेऊन खोलीच्या दारात उभी होते, बाटिकचं कापड हातात. टाकायची हिंमत होत नव्हती. सासूबाई आल्या, आधी लिंतांगला घेतलं, मग कापड घेतलं आणि स्वतःच दारावर टाकलं.

"हे बघ पोरी," त्या म्हणाल्या. "पुस्तकातल्या पोरीच्या आईला मोजता येत नाही असं लिही. तुझ्यासारखं. एक फेरा आधीच गाव जमवू दे तिला. पोरीचे पाय तरी टेकतील."