स्लॅबला टांगलेला पाळणा

शिनोलीच्या संपतरावांनी नवे घर बांधताना स्लॅबला पाळण्याचा हूक ठेवला नव्हता, आणि ही चूक त्यांच्या ध्यानात आली ती नातीच्या बारशाच्या सकाळी. बाळंतपणाला आलेली लेक अक्षदा ज्या सागवानी पाळण्यात वाढली, त्यातच तिची मुलगी निजावी, हा त्यांचा हट्ट होता. स्टँडचा पाळणा भाड्याने आणावा, हा पत्नी सारजाबाईंचा.

"जुन्या घरात तुळईला कडी व्हती. हितं काय हवेत टांगताय?"

"ड्रिल हाय की!"

"मंग ऐका. वरनं चिमूटभर भुकटी जरी पडली, तरी पोरगी माज्या मांडीवर आन् पाळणा माळ्यावर."

संपतरावांचा ड्रिलचा अनुभव दांडगा होता. परंतु तो लाकूड आणि लोखंड यांपुरता. लाकडात धारदार बिट सरळ धरावे, लोखंडाला वेग कमी ठेवून तेलाचा थेंब द्यावा, हे ते जाणत. ज्याला लोखंड वश झाले त्याला सिमेंट काय अडवणार, असा त्यांचा सिद्धान्त होता. सिद्धान्त सुबक होता. मात्र लोखंडाचे बिट स्लॅबला टेकवून त्यांनी सारे बळ एकवटले, तेव्हा बिट निळे पडले, टोक झिजले आणि छतावर केवळ एक तीळ उमटला.

"आबा, सिमेंटचं बिट येगळं," अक्षदा म्हणाली. "आन् बटण हातोडीच्या खुणेवर घ्या. आदी चष्मा घाला."

शिडी धरलेल्या शेजारी गोरखने आपल्या घरून ते बिट आणून दिले. आता स्लॅब निमूट कोरला जाऊ लागला. पण थोड्याच वेळात आवाज एकाएकी कर्कश झाला. आत सळई लागली होती.

"दाबा राव, दाबा!" गोरख खालून ओरडला.

"दाबू नका! सळईला धक्का नको. चार बोटं सरका," अक्षदा म्हणाली.

"पाळणा खोलीच्या मधोमध नको का?" संपतरावांनी शिडीवरूनच वाद मांडला.

"तिला झोप लागल्याव मधोमध काय आन् कडंला काय!"

संपतराव सरकले. मध्ये मध्ये बिट बाहेर काढून त्यांनी भुकटी झाडली, सायकलच्या पंपाने भोक साफ केले आणि हुकाचा फास्टनर ठोकून आवळला. चष्म्याखालची दोन वर्तुळे सोडली, तर त्यांचा चेहरा पांढराफेक झाला होता.

"पाळण्यात आदी वरवंटा निजवायचाच हाय. तवा कळंल," सारजाबाई म्हणाल्या.

"वरवंट्यानं काय व्हतंय?" असे म्हणून संपतरावांनी हुकाला दोर बांधला आणि गुडघे दुमडून ते स्वतःच लोंबकळले. नेमके त्याच क्षणी नारायणगावचे व्याही दादाभाऊ दारात उभे राहिले.

"इहीनबाई, बारसं नातीचं म्हणला व्हता. ह्ये बाळ कुणाचं?"

"माज्या सासूचं," सारजाबाई उत्तरल्या.

दुपारी बायकांनी खणात गुंडाळलेला वरवंटा पाळण्यात निजवला आणि झोका दिला. सारजाबाईंची नजर छतावर खिळली होती. काहीही पडले नाही. मग नात निजवली, आणि तिच्या पायांशी, स्वच्छ दुपट्यावर, चिमूटभर भुकटी पडली.

सारजाबाईंनी नातीकडे हात नेले, वर पाहिले. हूक स्वच्छ होता. हूक आणि पाळणा यांच्या मध्ये मात्र नातीचे तोंड पाहण्यासाठी वाकलेल्या संपतरावांच्या मिशा होत्या.

"आदी मिशा धुवून या," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पाळण्याची दोरी हाती घेतली.