अकरा नंबरचं पोट

“काका, अकरा नंबरच्या पोटात हे आले कुठून?”

मॅडमनी काचेची बशी काकांच्या नाकासमोर धरली. बशीत पिवळसर ठिपके होते. काकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि काहीच न कळणाऱ्या माणसाचा चेहरा केला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कमावलेली ती एकच गोष्ट होती.

“पोट आहे मॅडम. काहीतरी असणारच.”

“काहीतरी नाही! नवीन खाद्य आपण पलीकडच्या दहा डुकरांना देतोय. हे जंतू त्यांच्या पोटात वाढले. अकराला साधं खाद्य, वेगळी खोली, गाळलेली हवासुद्धा वेगळी. आणि तरी तिथे हीच वस्ती?”

काका संशोधन केंद्रात डुकरं सांभाळत. फरशी धुवायची, खाद्य घालायचं आणि सकाळी प्रत्येकाची ताजी विष्ठा नंबर टाकून डबीत भरायची. मुलाच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी ‘संशोधनात आहे’ एवढंच सांगितलं होतं. बाकीचा खुलासा सुनेच्या नाकाने केला. तेव्हापासून, दोनदा अंघोळ करूनही, काकांचं ताट मागच्या दाराशी असे. सून वाईट नव्हती. ताट गरम असे.

मोठे सर आले. बशी न बघताच म्हणाले, “तुमचाच हात अस्वच्छ, मॅडम. एका डबीचा चमचा दुसरीत घातलात. सगळं काम मातीत! नोकरीची मुदतवाढ विसरा आता.”

मॅडमनी हातमोजे काढले आणि पुन्हा तेच घातले.

काकांनी भिंतीकडे बघितलं. मग छताकडे. दोन्हीकडून काही मदत आली नाही.

“चमचा नाही, सर. मी सोडायचो त्याला.”

“कुणाला?”

“अकराला. पलीकडे. तुम्ही सगळे जेवायला जायचात तेव्हा.”

“का?”

“ओरडायचं.”

“अहो, डुकरं ओरडतातच!”

“हे भिंतीला नाक लावून ओरडायचं. पलीकडे गेलं की गप्प.”

“आणि तिकडे करायचं काय?” मॅडमनी हळूच विचारलं.

काका लाजले. “लोळायचं. बाकीच्यांनी टाकलेलं थोडं… चाखायचं.”

मॅडमनी डोळे मिटले. अख्खी वस्ती एका जिभेवर बसून भिंतीपलीकडून आली होती. वर हवा गाळायचं महागडं यंत्र इमानेइतबारे घरघरत होतं.

“निदान विचारायचं तरी!” सर ओरडले.

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

यावर सरांना उत्तर सुचेना, म्हणून त्यांनी शिक्षा सुचवली. उद्यापासून काका फाटकावर. निवृत्त होईपर्यंत जनावरांच्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही. मॅडमना नवी डुकरं मिळतील. जुनी सगळी महिनाअखेरीला जातील. कुठे, ते काकांनी विचारलं नाही.

घरी बायको म्हणाली, “अहो, फाटकावर? म्हणजे आता वास नाही?”

“नाही.”

“सुटलो बाई एकदाचे!”

सुनेने ताट आत मांडलं, सगळ्यांच्या मधोमध. “बाबा, इकडे या ना.” नातू मांडीवर येऊन बसला. काकांनी दोन घास खाल्ले.

“जेवत का नाही?” बायकोने विचारलं.

“पोट बरं नाही,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गमबूट परत करायला गेले. मॅडम दारातच भेटल्या.

“माझी मुदत वाढली, काका.”

“चांगलं झालं.”

“आत नाही घेता येणार तुम्हाला. पण खिडकीतून बघा हवं तर.”

अकराला वेगळं ठेवण्यात आता कुणालाच अर्थ वाटत नव्हता. मधलं दार सताड उघडं होतं आणि पलीकडे सगळी डुकरं एकमेकांवर रेलून पडली होती. काका बराच वेळ कानांवरचे नंबर शोधत राहिले. अकराचा कान कुणाच्या तरी पोटाखाली असावा.

त्यांनी काचेवर बोट वाजवलं. कुणी मान वर केली नाही.

“झोपलेत,” ते मॅडमना म्हणाले आणि फाटकाकडे निघाले.