विहंगची तालीम

मित्रांनो, देवासच्या भास्कररावांच्या कपाटात, स्वेटरांखाली पडलेला जुना व्हिडिओ कॅमेरा म्हणजे मी. एके काळी काय तोरा होता माझा! धारला विहंगच्या वडिलांनी मला मोठ्या हौसेनं घेतलं होतं. विहंगचं पहिलं पाऊल मीच टिपलं. पुढे ते आजारपणात गेले. दोन वर्षांनी विहंगच्या आईनं, विद्युल्लताबाईंनी, भास्कररावांशी लग्न केलं आणि विहंगच्या दप्तरातून मीही देवासला आलो.

भास्कररावांचा मुलगा अंशुल चौदा वर्षांचा, विहंग दहाचा. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. अंशुल वडिलांना बाबा म्हणे, विहंग काका. पोराला बाबा म्हणायचं होतं हो, पण जीभच वळेना. मग दार लावून तो मला स्टुलावर ठेवी आणि तालीम करी. "बाबा, चहा. बाबा, प्रसाद घ्या." मध्येच आवाज चिरके, मग स्वतःच हसे. गणपतीत आरतीनंतर खरंखुरं म्हणायचं, हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं.

तेवढ्यात अंशुलनं गणपतीच्या कार्यक्रमासाठी पिक्चर काढायचं ठरवलं. विहंगला चक्क भाऊ म्हणून हाक मारत तो म्हणाला, "सावत्र भावांची स्टोरी आहे भिया. आधी खूब भांडतात, शेवटी एक होऊन जातात. तुझा कॅमेरा दे ना."

विहंग हरखला. त्यानं मला, तालमी भरलेल्या कार्डासकट, देऊन टाकलं. भोळा जीव!

कार्यक्रमात पडद्यावर भांडणं झाली, टाळ्या पडल्या. आणि मग एकदम विहंगची ती तालीम सुरू झाली, मागे विनोदी संगीत लावलेलं. "बाबा, चहा. बाबा, चहा." सात वेळा. सगळे खो खो हसले. पहिल्या रांगेत भास्करराव डोळे पुसत हसत होते. विश्वासानं सांगितलेलं मीच चव्हाट्यावर मांडलं. अंशुलनं केसानं गळा कापला, आणि त्यात माझाही हात होता.

आरती झाली. विहंगनं प्रसादाचं ताट आईकडे दिलं आणि चपला घालून निघाला.

विद्युल्लताबाईंनी ती तालीम कधीतरी दाराआडून ऐकली होती. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला खरं काय ते सांगितलं. भास्कररावांचं तोंड उतरलं. ते विहंगजवळ जाऊन बसले.

"बेटा, मला वाटलं, ती ॲक्टिंग आहे."

"ॲक्टिंगच होती, काका," विहंग म्हणाला.

अंशुलनं नंतर माफी मागितली, कार्डही पुसलं. मित्रांनो, आता तर तुम्हा प्रत्येकाच्या घरात कॅमेरा आहे. खुशाल वापरा. पण कुणी एकटं बसून बोललेलं त्याला विचारल्याशिवाय चारचौघांत दाखवू नका. विहंगनं ती हाक अजून मारलेली नाही.