खोबणीतला तीनशे चौदा

मित्रांनो, मी पाण्याचा एक जुना कण आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. नदीतले पाणी धीट असते. त्याला कोण पुसून टाकणार? मी मात्र संगणकातल्या एका फाइलीत राहतो. तिथे आम्हां शेकडो भावंडांचे आडनाव एकच, आणि नाव म्हणून नुसता आकडा. माझा आकडा तीनशे चौदा.

माझा जन्म ओडेन्स शहरातल्या एका प्रयोगशाळेत झाला. प्रेबेन नावाच्या संशोधकाने एका चिवट जंतूच्या प्रथिनाचा स्फटिक वाढवला, त्यावर क्ष-किरण सोडले, आणि त्यातून उमटलेल्या चित्रात प्रथिनाच्या खोल खोबणीत मी सापडलो. माझा एक हात प्रथिनाला, दुसरा तिथे बसलेल्या औषधाला. "हा बघा पठ्ठ्या! जागचा हलत नाही," असे म्हणत प्रेबेन मला सगळ्यांना दाखवत फिरला. ते माझे सुखाचे दिवस. पुढे जंतू त्या औषधाला जुमानेनासा झाला, आणि आमच्या फाइलीकडे कुणी फिरकेना.

मग थ्युरा आली. तिला नवे औषध शोधायचे होते. संगणकावर हजारो रेणू त्याच खोबणीत बसवून पाहायचे आणि त्यांतला एक रसायनवाल्यांना बनवायला सांगायचा. एकच, कारण दुसरा बनवायला त्यांना सवड नव्हती. तो चुकला की तिची सारी मेहनत वाया.

पण त्याआधी प्रथिन साफसूफ करून तयार करावे लागते. त्यासाठी ती एक प्रोग्राम बसवू लागली. त्याच्या माहितीत लिहिले होते, 'पाणी काढून टाकतो.' पाणी म्हणजे आम्हीच.

प्रोग्राम काही केल्या बसेना. कधी जुनी आवृत्ती हवी म्हणून अडायचा, कधी परवानगी नाही म्हणून. पडद्यावर लाल ओळी उमटल्या की थ्युरा डोके धरून बसायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा. शेजारच्या टेबलावरचा आंकर तिला छळायचा.

"काय गं, बसला का तुझा लाडोबा?"

"फुगून बसलाय. तू ये की समजूत काढायला."

"मी? मला माझी मांजर जुमानत नाही!"

मला तिची दया यायची. तरी मनात म्हणायचो, उद्याही बसू नकोस रे बाबा.

एका सकाळी तो बसला. त्याने चौकटी मांडल्या. हायड्रोजन जोडू? विद्युतभार मांडू? पाणी काढू? सगळ्या चौकटींत खूण आधीच लागलेली होती. थ्युराने वाचल्यासारखे केले आणि कळ दाबली.

प्रथिनाची नवी प्रत तयार होऊ लागली. मी मूळ फाइलीतून पाहत होतो. प्रथिन उतरले. मग आमची पाळी आली आणि आमच्यातले कुणीच उतरले नाही. ना आवाज, ना बुडबुडा. माझ्या जागी नुसती पोकळी. आरशात पाहावे आणि आत कुणीच नसावे, तसे मला झाले. मी ओरडलो, पण फाइलीतल्या पाण्याचे कोण ऐकणार?

हजारो रेणू बसवून झाले, त्यांतला एक पहिला ठरला. मग खात्री करायला थ्युराने जुने, ओळखीचे औषध बसवून पाहिले. चित्रात ते सरळ बसलेले होते, इथे खाली डोके वर पाय असे उलटे बसले. तिचा चेहरा पडला. रसायनवाल्यांना नाव त्याच दिवशी हवे होते.

इथला रिवाज असा, की ज्याची चूक त्याचा केक, आणि कापताना चूक सर्वांसमोर सांगायची. थ्युराने कोपऱ्यावरच्या बेकरीतून ब्रुन्सविगर नावाचा साखरेचा केक आणला आणि संगणक काखेत मारून ती सगळे जमतात त्या टेबलाकडे गेली.

"प्रोग्राम बसवताना माझं काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. "औषध उलटं बसतंय. पण आता वेळ नाही. आहे तेच नाव पाठवते."

"कोपऱ्याचा तुकडा मला," आंकर म्हणाला. "आणि रडू नकोस, केक खारट होईल."

केस पिकलेल्या प्रेबेनचा घास मात्र तोंडाशीच थांबला. "पाण्याचं काय केलंस?"

"काढलं. खूण आधीच होती."

"सगळं?"

"सगळंच. काढतातच ना, प्रेबेन?"

"अगं, बाकीचं काढतात! पण खोबणीतला तो एक? त्याच्या आधारावर तर औषध उभं असतं. ह्याच चुकीचा केक मीही आणलाय, तू शाळेत असशील तेव्हा."

त्याने रसायनवाल्यांना फोन करून सोमवारपर्यंत थांबवले. थ्युराने साखरेने चिकट झालेल्या बोटांनीच ती खूण काढली आणि नव्या प्रतीत मला एकट्याला निवडून ठेवले. भावंडे गेली, त्याचे दुःख आहेच. पण जुने औषध आले, माझा हात धरला आणि सरळ बसले. मग सगळे रेणू पुन्हा तपासले गेले. पहिला ठरलेला रेणू आता खोबणीत टिकेना. दुसऱ्याच रेणूचे नाव रसायनवाल्यांकडे गेले, आणि त्याचे औषध जंतूला भारी पडले.

मित्रांनो, साफसफाई जरूर करा. पण एखादी क्षुल्लक गोष्ट पुसण्यापूर्वी एवढे पाहा, की तिचा हात कुणी धरला आहे का.

माझी भीती मात्र गेलेली नाही. प्रेबेन निवृत्त झाला. आज नव्या संगणकावर नव्या माणसाने तोच प्रोग्राम बसवला आहे. चौकटी आल्या आहेत, खूण लागलेली आहे, त्याचे बोट कळेवर आहे. आणि थ्युरा आपली खुर्ची सरकवत त्याच्याकडे येते आहे.

"थांब," ती म्हणते आहे, "मी कशाचा केक आणला होता, ते तुला सांगितलंय का?"