मध्यम जोराची लाथ

आंतरराष्ट्रीय मानकांनी माणसाला माणसाशी जोडलं. जगाच्या एका टोकाला कुणीतरी बरणी बनवतं, दुसऱ्या टोकाला कुणीतरी झाकण बनवतं, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं, एकमेकांची भाषा कळत नसते, आणि तरीही झाकण बरणीवर बसतं. विश्वबंधुत्वाचा याहून घट्ट पुरावा मिळायचा नाही. ज्या कारखान्याची ही गोष्ट आहे तिथली झाकणं मात्र बसली तर निघत नसत आणि निघाली तर पुन्हा बसत नसत.

कारखाना दादांचा होता आणि तिथली गुणवत्ता भाऊजींकडे होती. भाऊजी म्हणजे दादांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दादा त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून हिशेबनीस म्हणू लागला, मग पॅकिंगच्या बायका, आणि शेवटी गेटवरचा पहारेकरीही. अशा रीतीने अख्ख्या कारखान्याने त्यांना आपली बहीण दिली होती. त्यांची खोली प्रेसविभागाच्या कोपऱ्यात होती, काचेची. आतून सगळं दिसे आणि बाहेरून सगळ्यांना भाऊजी दिसत. खिडकी एकच होती आणि धूळ येते म्हणून ती खिळे ठोकून बंद केलेली होती. खिळे ठोकायचा नियम भाऊजींनीच केला होता.

एके दिवशी परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं, की यापुढे प्रमाणपत्र असेल तरच झाकणं घेऊ. दादांनी सल्लागार बोलावला. सल्लागाराने चहा घेतला, एकच वाक्य सांगितलं आणि बिल ठेवून गेला. वाक्य असं होतं: "जे करता ते लिहा, आणि जे लिहिता ते करा."

आता असल्या वाक्याचा अर्थ कोणताही संसारी माणूस बरोबर लावतो. भांडारवाल्याने आपण काय करायला हवं होतं ते लिहिलं. पॅकिंगने शेजारच्या कारखान्यात काय करतात ते लिहिलं. हिशेबनिसाने आपण काही करत असतो एवढंच लिहिलं. भाऊजींनी मात्र खरोखरच जे करत होते ते लिहिलं.

दोन नंबरची प्रेस, म्हणजे पत्र्यातून झाकणं ठोकून काढणारं यंत्र, मधेच अडकायची. तोंडात पत्रा धरून रुसलेल्या माणसासारखी थांबायची. तिच्या डाव्या अंगाला, खालच्या पत्र्यावर लाथ घातली की पुन्हा चालू व्हायची. हा शोध भाऊजींचा होता. तेव्हा त्यांनी कार्यपद्धतीत स्वच्छ लिहिलं: "प्रेस अडकल्यास डाव्या बाजूच्या खालच्या पत्र्यावर मध्यम जोराची लाथ मारावी."

प्रमाणपत्रासाठी तपासणीला आलेले ऑडिटर मऊ आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी ते पान वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. दादांच्या कपाळावर घाम आला.

"हे खरंच करता?"

"करतो," भाऊजी म्हणाले.

"दाखवा."

योगायोगाने प्रेस अडकलेलीच होती. भाऊजींनी लाथ मारली आणि ती सुरू झाली. ऑडिटरांचे डोळे पाणावले. "इतकी वर्षं हिंडतोय मी," ते म्हणाले, "लोक खोटं लिहितात हो. इतका खरा कागद पहिल्यांदाच पाहिला. ही लाथ कुणीही मारू शकतं?"

"छे! त्याला अंदाज लागतो. ते मलाच जमतं."

हे भाऊजी छाती पुढे काढून म्हणाले. माणूस पायावर धोंडा पाडून घेतो तेव्हा त्याची छाती बहुधा पुढेच असते.

प्रमाणपत्र मिळालं. सोबत काही सुधारणाही मिळाल्या. अडकल्यावर लाथ मारणं हा झाला उपचार. मानकाला प्रतिबंध आवडतो. म्हणून प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला, प्रेस अडकलेली असो वा नसो, लाथ मारावी. जोर दर वेळी सारखा हवा, म्हणून बूट एकच असावा. त्या बुटावर क्रमांकाची चिकटपट्टी लागली आणि तो कुलपात गेला. आणि 'सक्षम व्यक्ती' या रकान्यात भाऊजी एकटेच होते.

त्या दिवसापासून भाऊजींना सुट्टी उरली नाही. सकाळची लाथ, दुपारची लाथ, संध्याकाळची लाथ. ताप आला तेव्हा दादांनी गाडी पाठवली, दोघांनी त्यांना खांद्याला धरून प्रेसपर्यंत आणलं, आणि भाऊजींनी थरथरत्या पायाने विश्वबंधुत्व राखलं.

"भाऊजी," प्रेसवाली मावशी म्हणाली, "आज लाथ जरा हलकी पडली. जगात कुठेतरी एखादी बरणी गळत असेल बघा."

यातून सुटकेची एक वाट होती. भाऊजींची मुलगी दूरच्या गावी राहत होती आणि तिथल्या तंत्रशाळेत शिक्षकाची जागा निघाली होती. विषय गुणवत्ता. भाऊजींना बोलावणं आलं. बायकोने दुसऱ्याच दिवशी भांडीकुंडी खोक्यांत भरली. मुलगी जवळ, शाळा जवळ, आणि भावाच्या हाताखालची नोकरी एकदाची संपणार. तिला आणखी काही नको होतं. भाऊजींना तर फक्त एक उघडणारी खिडकी हवी होती.

"दादा, मी जातो म्हणतोय."

"जा की! तुम्हाला कुणी धरलंय का?" दादा म्हणाले. "फक्त लाथेचं तेवढं बघा."

भाऊजींनी आधी साधा विचार केला. मेकॅनिक आला, त्याने खालचा पत्रा उघडला, एक सैल झालेली स्प्रिंग बदलली आणि हात पुसले. प्रेस त्यानंतर कधीच अडकली नाही. भाऊजींनी आनंदाने ऑडिटरांना फोन लावला.

"साहेब, प्रेस दुरुस्त झाली. लाथेची ओळ काढून टाकतो."

"अवश्य काढा. लाथेशिवाय बनलेली झाकणं तितकीच चांगली असतात, एवढं सिद्ध करा फक्त."

"म्हणजे लाथ न मारता थोडी बनवून दाखवतो."

"तसं कसं चालेल? लाथ न मारता बनवलं तर ते नियमबाह्य ठरेल. प्रमाणपत्र रद्द होईल."

"मग सिद्ध कसं करायचं?"

"तोच तर प्रश्न आहे," ऑडिटर हळहळून म्हणाले.

मग भाऊजींनी वारस शोधायचं ठरवलं. मावशी तयारच होती. "लाथ मारायला मला काय शिकवता? माझ्या नवऱ्याला विचारा." तरी रीतसर शिकवणी झाली. मावशीला बूट मोठा होत होता, त्यात कापूस कोंबला. लाथ उत्तम बसली. भाऊजींनी पुन्हा फोन केला.

"उत्तम," ऑडिटर म्हणाले. "आता परीक्षा घ्या. प्रेस अडकलेली असताना त्यांनी ती लाथेने सुरू करून दाखवली पाहिजे."

"पण ती आता अडकत नाही."

"अरेरे," ऑडिटर म्हणाले.

मावशीने मुद्दाम दोन पत्रे एकदम घालून प्रेस अडकवून पाहिली. ऑडिटरांनी सांगितलं, मुद्दाम केलेला बिघाड बिघाड धरता येत नाही. मेकॅनिकला जुनी सैल स्प्रिंग परत बसवायला सांगितलं. त्याने हात जोडले. "ती भंगारात गेली. तेवढी नेमकी सैल स्प्रिंग बाजारात मिळत नाही."

बोलता बोलता भाऊजींनी ऑडिटरांपाशी मन मोकळं केलं. मुलगी, गाव, तंत्रशाळा, सगळं सांगितलं. ऑडिटरांनी सहानुभूतीने ऐकलं. शाळा कोणती, पगार कसा काय, हेही विचारलं. चौकशी करणारं माणूस बरं वाटतं.

घरी बायको खोक्यांतूनच संसार चालवत होती. जेवायच्या वेळी ताटं काढायची, धुवायची, परत खोक्यात.

"लोक लाथ मारतील तिथे पाणी काढतात," ती म्हणाली. "तुम्ही लाथ मारलीत आणि आपणच त्यात बुडलो."

"मी खरं तेच लिहिलं गं."

"तेच म्हणते मी. माझ्या भावाने उभ्या आयुष्यात कधी लिहिलं का? बघा, कसा मोकळा फिरतो!"

शेवटी एका सकाळी भाऊजी बूट कुलपातून न काढताच दादांसमोर उभे राहिले. "मी निघालो. प्रमाणपत्राचं काय व्हायचं ते होवो."

दादा रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते भाऊजींना काचेच्या खोलीत घेऊन गेले. बाहेर सगळे आपापल्या जागी उभे होते, पॅकिंगच्या बायका, भांडारवाला, मावशी. शिफ्टची वेळ झाली होती आणि सगळे लाथेची वाट पाहत होते.

"जा," दादा म्हणाले. "फक्त जाताना, काम बंद झालं हे यांना तुम्हीच सांगून जा. माझ्याने नाही व्हायचं."

मावशीने काचेवर टकटक केलं. "भाऊजी, उरका की! हप्त्यावर शिलाई मशीन घेतलंय मी घरी, माझी शिफ्ट बुडवू नका."

भाऊजींनी किल्ली काढली आणि बूट चढवला.

बायको मुलीकडे एकटीच गेली. जाताना खोकी घेऊन गेली, दोन ताटं ठेवून. तंत्रशाळेने आधी कळवलं की आणखी थोडं थांबतो. मग काही कळवलं नाही. भाऊजींचा उजवा गुडघा धरला, तेव्हा त्यांनी डाव्या पायाची परवानगी मागितली. ती नामंजूर झाली, कारण बूट उजवा होता.

वर्षाने पुन्हा तपासणी आली. या वेळी ऑडिटर नव्या होत्या, तरुण, घाईतल्या. त्या उभ्याउभ्याच पानं उलटत होत्या. लाथेच्या पानावर थांबल्या.

"हे काय? कुणीतरी चेष्टेत लिहिलेलं राहून गेलंय वाटतं."

त्यांनी त्या ओळीवर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि पान उलटलं.

भाऊजी बूट घालून समोरच उभे होते. मावशीने प्रेस सुरू केली, ती चालली.

"मॅडम," भाऊजींनी घसा खाकरला, "आधीचे साहेब आले नाहीत?"

"त्यांनी नोकरी सोडली. कुठल्याशा तंत्रशाळेत शिकवतात आता." त्यांनी गावाचं नाव सांगितलं. ते भाऊजींच्या मुलीचंच गाव होतं. "तिथली जागा बरेच दिवस रिकामी होती म्हणे."